कुंडलिनी जागवायची घाई: या चुका टाळा

भस्त्रिका, म्हणजे जोरजोरात श्वास घ्यायचा-सोडायचा प्राणायाम, सुरू होऊन दहाएक मिनिटं झाली असतील. पुढच्या सतरंजीवरची मुलगी एकदम थांबली. दोन्ही हातांची बोटं चोचीसारखी वळली होती, ओठ बधिर झाले होते. "ताई, शक्ती जागी झाली का?" तिनं विचारलं. मी तिला भिंतीला टेकवून बसवलं आणि नाकानं सावकाश श्वास घ्यायला लावला. थोड्या वेळानं बोटं सुटली.

जोरजोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. मग मुंग्या येतात, गरगरतं, बोटं आखडतात. ही साधी शरीराची प्रतिक्रिया, पण आपण ती कुंडलिनीच्या, म्हणजे पाठीच्या कण्याच्या तळाशी निजलेली मानतात त्या शक्तीच्या, नावावर टाकून मोकळे होतो. सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. अशा वेळी क्रिया थांबवायची, जोर वाढवायचा नाही.

दुसरी चूक त्याहून जड, ती म्हणजे कुंभकाची, श्वास कोंडून धरण्याची, घाई. व्हिडिओ बघून पहिल्याच आठवड्यात श्वास कोंडून, बंध लावून (गळा, पोट, गुदद्वार आवळून धरून) बसणारे मी पाहते तेव्हा जीव कासावीस होतो. पंधराव्या शतकाच्या सुमाराच्या हठप्रदीपिका या हठयोगाच्या ग्रंथात स्वात्मारामांनी स्पष्ट लिहिलंय: सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच वायू, नाहीतर तो साधकालाच मारतो. चुकीच्या अभ्यासानं काय होतं याची यादीही तिथेच आहे: उचकी, दमा, खोकला, डोकं, कान आणि डोळे दुखणं. ज्या ग्रंथाच्या आधारानं आपण कुंडलिनीविषयी बोलतो, तोच ग्रंथ 'शनैः शनैः' म्हणतो, हे विसरून कसं चालेल?

उच्च रक्तदाब, हृदयविकार, फिट्स येणं किंवा गर्भारपण असेल, तर भस्त्रिका आणि श्वास कोंडणं नकोच.

खाणंपिणं सोडून बसणं ही तिसरी चूक. साधना म्हणजे उपास, असं कुठून आलं कोण जाणे! हठप्रदीपिका तर अभ्यासाच्या सुरुवातीला दूध-तूप घ्यायला सांगते आणि पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवायला. काश्मीरचे योगसाधक गोपी कृष्ण यांचा कुंडलिनीचा अनुभव इथे आठवतो. सतरा वर्षं ध्यान केल्यावर 1937 साली त्यांना जो अनुभव आला, त्यानंतर अंगाची आग, झोप नाही, अन्नावरची वासना गेलेली, अशी अवस्था बराच काळ राहिली. आहार सांभाळणं किती महत्त्वाचं, हे त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवलं.

आपल्याकडे ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय वाचून बरेच जण या वाटेला लागतात. कुंकवात न्हालेलं नागिणीचं पिलू वेटोळं घालून निजलंय, ही ओवी एकदा कानावर पडली की सुटत नाही. पण त्या ओव्यांतलं वर्णन लक्षणांची यादी समजून आपल्या अंगावर ताडून पाहू नका. बाराव्या अध्यायात माउलींनीच हा योगमार्ग किती कष्टाचा ते सांगितलंय आणि भक्तीची वाट पुढे केलीये.

आता काही बिघडलंच तर? छातीत धडधड, डोक्यात उष्णता, झोप उडणं, असं काही झालं तर कुंभक, बंध आणि लांब ध्यान बंद करा. जेवण वेळेवर, तेही साधं आणि गरम. अनवाणी गवतावर चाला, घरातली कामं करा, माणसांत राहा. छातीत दुखलं, शुद्ध हरपली, तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. दोन-तीन रात्री झोप नाही तरी थकवा नाही, आपण निवडलेले आहोत असं वाटतंय, आवाज ऐकू येतायत, तर ते 'कुंडलिनी जागरण' समजून घरच्यांनी गप्प बसू नये. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं. आणि कोणी गुरू म्हणवणारा चालू गोळ्या बंद करायला सांगत असेल, तर त्याच्याकडे जाणंच बंद करा.

त्या मुलीला मी भस्त्रिका सोडायला सांगितली. ती आता रोज सकाळी दहा मिनिटं अनुलोम-विलोम करते, श्वास न कोंडता.