कॉटरीचा पहिला आवाज येण्याआधी

सकाळी आठची केस, म्हणजे ऑपरेशन, असेल तर कॉटरीची, म्हणजे विजेने कापायच्या आणि रक्त थांबवायच्या मशीनची, तयारी आदल्या संध्याकाळीच सुरू करा, आणि ती स्टोअरपासून करा. पेशंटच्या अंगाला चिकटवायच्या प्लेटांचा खोका कुठे ठेवला आहे ते आधी बघा. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ पर्यंत जातो आणि हवा इतकी कोरडी होते की ओला टॉवेल तासाभरात कडक होतो. अशा दिवसांत गच्चीवरच्या खोलीत पडून राहिलेल्या चिकट प्लेटचा जेल वाळतो. अशी प्लेट वरून ठीक दिसते, पण अंगाला कडांनीच चिकटते, मधला भाग अधांतरी राहतो. म्हणून खोका एसीच्या खोलीत ठेवा, पाकिटावर छापलेलं तापमान आणि मुदत वाचा, आणि पाकीट पेशंट टेबलावर आल्यावरच फोडा. सकाळी घाई नको म्हणून रात्रीच फोडून ठेवलेली प्लेट सरळ टाकून द्या. पैसे वाया गेले असं अजिबात समजू नका.

ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, नव्या आलेल्या सिस्टर आणि टेक्निशियन मुलांसाठी मी हे लिहिते आहे. नागपुरात धंतोली-रामदासपेठेत एका गल्लीत चार-चार ऑपरेशन थिएटरं आहेत आणि बऱ्याच ठिकाणी शिकवायला कुणाला वेळ नसतो. मशीन चालू कसं करायचं हे पाच मिनिटांत कळतं. पेशंट भाजतो तो मात्र बहुतेक वेळा बटण दाबण्याच्या आधीच्या अर्ध्या तासात राहून गेलेल्या गोष्टीमुळे.

आपण सगळे कॉटरी म्हणतो, पण खऱ्या कॉटरीत तार तापते आणि तापलेली तार टेकवतात. इथे तसं नाही. इथे वीज पेन्सिलच्या, म्हणजे सर्जनच्या हातातल्या दांडीच्या, टोकातून पेशंटच्या अंगात शिरते, अंगातून वाहत प्लेटपर्यंत येते आणि मशीनमध्ये परत जाते. म्हणजे पेशंट स्वतः त्या वायरीचा एक भाग असतो. घरातली वीज सेकंदाला ५० वेळा दिशा बदलते. ही ३ लाखांहून जास्त वेळा बदलते. १ लाखाच्या पुढे स्नायू आणि नसा तिला प्रतिसाद देत नाहीत, म्हणून झटका बसत नाही. उष्णता मात्र होतेच. टोकाशी जागा राईएवढी, म्हणून तिथे पेशी जळते. प्लेटखाली जागा तळहाताहून मोठी, म्हणून तिथे कोमटही लागत नाही. तीच प्लेट पाऊण सुटली की उरलेल्या पाव भागाने सगळा भार घ्यायचा. बायपोलर चिमट्यात वीज दोन टोकांमध्येच फिरते, तिथे प्लेट लागत नाही. पुढचं बहुतेक सगळं मोनोपोलरबद्दल, म्हणजे प्लेट लागणाऱ्या कॉटरीबद्दल आहे.

सकाळी मशीनकडे या. प्लग भिंतीतल्या स्वतंत्र सॉकेटमध्ये हवा, एक्स्टेन्शन बोर्डावर नको. वायर बोटांतून पूर्ण फिरवून बघा. ती बहुधा प्लगच्या मानेशी आणि पेन्सिलच्या मानेशी चिरते. मशीनच्या डोक्यावर सलाईनची बाटली ठेवायची नाही. प्लेट न जोडता मशीन चालू केलं की लाल दिवा लागून अलार्म यायला हवा. नाही आला तर ते मशीन केसला घेऊ नका. आणि आपल्याकडची प्लेट एकसंध आहे की दोन भागांची, हे नक्की माहीत करून घ्या. दोन भागांची असेल आणि मशीनही त्यासाठीचं असेल तर प्लेट सुटू लागली की मशीन स्वतः थांबतं. एकसंध प्लेटला हिरवा दिवा म्हणजे फक्त वायर जोडली आहे. कातडीला प्लेट चिकटली आहे की नाही, हे त्या दिव्याला कळत नाही.

हे मी फार उशिरा शिकले. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, एका हॉस्पिटलात, आम्ही स्टीलची प्लेट ओल्या कापडात गुंडाळून पेशंटच्या मांडीखाली सरकवत असू. केस लांबली, कापड वाळलं, पेशंटला थोडं कुशीवर केलं गेलं. ऑपरेशन करणारे सर म्हणाले पॉवर वाढवा, मी वाढवली. पुन्हा म्हणाले, पुन्हा वाढवली. हिरवा दिवा लागलेलाच होता. संध्याकाळी वॉर्डात त्या मावशी म्हणाल्या, "बाई, पोटापेक्षा मांडीच जास्त आगआग करते." चादर वर केली तेव्हा प्लेटच्या कडेची रेघ मांडीवर उमटलेली होती, फोडांसकट. त्या मावशींचा चेहरा मला अजून आठवतो.

तेव्हापासून माझा एक नियम आहे आणि तो मी प्रत्येक नव्या मुलीकडून पाठ करून घेते: नेहमीच्या आकड्यावर काम होत नाही, पॉवर वाढवा असं सांगितलं गेलं की बटणाला हात लावण्याआधी प्लेट आणि वायर बघायची. "सर, एक मिनिट, प्लेट बघते," असं मोठ्याने म्हणायचं. सर रागावतील असं वाटतं. आजवर माझ्यावर कुणी रागावलेलं नाही, आणि रागावले तरी बघायचंच.

प्लेटची जागा ऑपरेशनच्या शक्य तितकी जवळ, मांसल, रक्तपुरवठा चांगला असलेली हवी: मांडी, पोटरी, दंड, कुल्ला. हाडाच्या उंचवट्यावर, जुन्या व्रणावर, आत रॉड किंवा धातूची प्लेट बसवलेल्या जागेवर नको. आपल्याकडे आजींच्या हातापायांवर गोंदण असतं, तेही टाळा, काही रंगांत धातू असतो. त्या जागेवर केस असतील तर क्लिपरने काढा. खेड्यातून येणारे पेशंट बऱ्याचदा अंगाला तेल लावून येतात. तेलावर प्लेट टिकत नाही, म्हणून जागा पुसून कोरडी करा. आणि पेशंटला कुशीवर वळवलं, पाय वर बांधले, की पुन्हा एकदा हात घालून बघा. मोठ्यांची प्लेट कापून लहान मुलाला लावायची नाही. पाकिटावर वजन लिहिलेलं असतं, त्यानुसारच घ्या.

वॉर्डातच विचारून ठेवायच्या गोष्टी वेगळ्या. जोडवी, पाटल्या, चांदीचा करदोटा काढून घ्या. "आजी, छातीत मशीन बसवली आहे काय?" हे थेट विचारा, कारण पेसमेकर हा शब्द अनेकांना सांगता येत नाही. असेल तर भूलतज्ज्ञांना आणि हृदयतज्ज्ञांना आदल्या दिवशीच कळवा. शक्यतो बायपोलर, नाहीच जमलं तर थोड्या थोड्या वेळापुरतं मोनोपोलर, आणि प्लेट अशी की विजेची वाट त्या यंत्रावरून जाणार नाही. हृदयाला झटका देणारं यंत्र बसवलेलं असेल तर ते कुणी, केव्हा बंद करायचं आणि केस संपल्यावर पुन्हा कुणी चालू करायचं, हेही ठरलेलं हवं. कानात कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी बसवलेलं यंत्र, असेल तर डोक्या-मानेच्या ऑपरेशनात मोनोपोलर नको.

आता आगीबद्दल, आणि इथे माझं मन जरा जास्तच धास्तावतं. स्पिरिट असलेल्या औषधाने जागा पुसली की किमान ३ मिनिटं थांबायचं, घड्याळ बघून. केसांत भिजलं असेल तर वाळायला तासही लागू शकतो. बेंबीत, पाठीखालच्या चादरीत साचलेलं स्पिरिट टिपून घ्या. भिजलेली चादर बदला, आणि वाफ उडून जाईपर्यंत ड्रेप (पेशंटवर पसरायची निर्जंतुक चादर) टाकू नका, नाहीतर ती खालीच अडकते. स्पिरिटची ज्योत ओटीच्या दिव्याखाली दिसतही नाही. मान-चेहऱ्याच्या केसमध्ये पेशंट जागा असेल आणि नाकाला ऑक्सिजन असेल, तर ड्रेपखाली ऑक्सिजन साचतो. तेव्हा कॉटरीआधी भूलतज्ज्ञांना सांगायचं. ते ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या खाली आणतात किंवा थोडा वेळ बंद करतात. नायट्रस ऑक्साईडही आगीला ऑक्सिजनसारखीच मदत करतो. ट्रेकिऑस्टॉमीत, म्हणजे श्वासासाठी मानेतून वाट करताना, श्वासनलिका ब्लेडने उघडतात, कॉटरीने नाही. टेबलाशी सलाईनचा वाडगा तयार असावा.

फील्डवर, म्हणजे ऑपरेशनच्या जागेपाशी, पेन्सिलला म्यान हवं, प्लास्टिकचं. वापर नसेल तेव्हा पेन्सिल तिथेच. ड्रेपवर, पेशंटच्या छातीवर ठेवलेल्या पेन्सिलवर कुणाचा तरी कोपर पडतोच. टॉवेल क्लिपला वायरचे वेढे देऊन ती ताणून ठेवायची सवय सगळीकडे दिसते. ती सोडा. वेढ्यांतून वीज क्लिपमध्ये उतरते आणि क्लिपखालची कातडी भाजते. टोकावर लाल रबरी नळी चढवू नका, ती पेट घेते. फूट स्विच असेल तर पिवळा कटचा (कापण्याचा) आणि निळा कोॲगचा (रक्त थांबवण्याचा), आणि ज्याच्या हातात पेन्सिल त्याच्याच पायाखाली. मशीनचा आवाज कधीही बंद करायचा नाही.

लॅप्रोस्कोपीच्या केसला हत्यारांचं काळं आवरण भिंगातून तपासा. सुईएवढी भेगही कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर आतड्याला चटका देते, आणि तो चार दिवसांनी कळतो. प्रोस्टेटच्या केसला आत सोडायचं पाणी मोनोपोलर असेल तर ग्लायसिनचं, बायपोलर असेल तर सलाईन. बाटली लावण्याआधी लेबल मोठ्याने वाचा.

धुराकडे आपण दुर्लक्ष करतो, कारण तो आपल्याला त्रास देतो, पेशंटला नाही. त्यात बेंझिन, फॉर्माल्डिहाइड, हायड्रोजन सायनाइड असतं. साधा मास्क तो अडवत नाही. धूर ओढणारं मशीन नसेल तर निदान सक्शनचं तोंड जखमेपासून ५ सेंटिमीटरच्या आत धरा आणि एन-९५ लावा. गरोदर सिस्टर असेल तर तिला हे सांगणं सिनियरचं काम आहे.

केस संपली की प्लेट एका कडेने हळू सोलायची, दुसऱ्या हाताने कातडी दाबून धरत. झटक्याने ओढली तर म्हाताऱ्या माणसाची कातडी सोबत येते. खालची जागा बघा, आणि "प्लेट उजवी मांडी, कातडी ठीक" असं केस पेपरवर लिहा. लाल झाली असेल तर सरांना तिथेच दाखवा. प्लेट आणि पाकीट मामांनी कचऱ्यात नेण्याआधी पिशवीत घालून, तारीख आणि मशीनचा नंबर लिहून ठेवा, मशीन बाजूला काढा. २०१५ पासून देशात मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम आहे. वैद्यकीय उपकरणामुळे इजा झाली तर तिथे कळवता येतं. तो फॉर्म ओटीच्या रजिस्टरमध्येच लावून ठेवा. आम्ही आमचा पहिल्याच पानाला चिकटवला आहे.