गोळी सुरू करण्याआधी, आणि बंद करण्याआधीही

टेस्ट पॉझिटिव्ह आली त्या संध्याकाळी मी दम्याचा पंप कपाटात टाकला. बाळाच्या अंगात औषध जायला नको, एवढंच डोक्यात होतं. आठव्या आठवड्यात एका रात्री उशीला टेकून बसून राहिले. छातीत शिट्टी वाजत होती, वाक्य एका दमात पुरं होत नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, "तुम्हाला श्वास कमी पडला, की बाळालाही ऑक्सिजन कमी पडतो."

म्हणून आधी हेच सांगते. दमा, फिट, थायरॉईड, रक्तदाब, मधुमेह यांची चालू औषधं मनाने सोडू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. फिटचं व्हॅल्प्रोएट, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, रक्तदाबाचं एनालाप्रिल यांसारखी औषधं बदलावी लागू शकतात, पण ती त्यांनी बदलायची. थायरॉईडचा डोस तर बऱ्याचदा वाढवावा लागतो. अपवाद मुरुमांसाठीच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांचा: त्या लगेच थांबवा आणि फोन करा, कारण त्यांनी बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं.

मग घरातली सगळी औषधं पलंगावर ओता. मलमं, खोकल्याचं औषध, चूर्णं, काढे, व्हिटॅमिनच्या गोळ्याही. पाकिटावरचं मोठं नाव सोडा, बारीक अक्षरातले घटक वाचा. माझ्याकडच्या सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल निघालं. त्यावर तापाची वेगळी गोळी घेतली असती तर डोस दुप्पट झाला असता. अंगदुखीच्या गोळीत आयबुप्रोफेन होतं. विसाव्या आठवड्यानंतर त्याने बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, आणि त्याआधीही ते विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. ताप मात्र अंगावर काढू नका. तापासाठी साधारणपणे पॅरासिटामॉलच देतात, लागेल तेवढंच आणि थोडेच दिवस. आणि पट्टी कापताना नाव नि मुदत छापलेली बाजू शेवटपर्यंत राखा. माझ्या दोन पट्ट्या कशाच्या, तेच कळेना.

फॉलिक ॲसिड रोज 400 मायक्रोग्रॅम, तेही दिवस राहण्याआधीपासून. बाळाच्या मेंदूचा नि मणक्याचा पाया गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत तयार होतो, तोवर अनेकींना कळलेलंही नसतं. फिट किंवा मधुमेह असेल तर जास्त डोस लागू शकतो, तो विचारून घ्या. लोहाची आणि थायरॉईडची गोळी एकत्र नको, मध्ये 4 तास जाऊ द्या.

यादी करून पर्समध्ये ठेवा. दाताच्या डॉक्टरांकडे गेलात तरी खुर्चीत बसण्याआधी सांगा, "मला दिवस गेलेत."