ट्रस्टी दाद देत नाहीत? वारशाचे पैसे मागताना या चुका टाळा

आजोबांनी घणसोलीतला साडेबारा टक्क्यांचा (सिडकोने संपादित जमिनीच्या मोबदल्यात दिलेला) प्लॉट बिल्डरला दिला. त्यातून आलेला फ्लॅट आणि मुदत ठेव नातवासाठी खासगी ट्रस्टमध्ये ठेवली, ट्रस्टी नेमले थोरले काका आणि घरचे जुने सीए. नातू अठराचा होतो, इंजिनिअरिंगची फी भरायची वेळ येते, तेव्हा फोनवर उत्तर मिळतं, "बघू, दिवाळीनंतर बोलू." पुढच्या फोनला तेवढंही मिळत नाही. ठाणे-नवी मुंबईत अशी घरं शोधावी लागत नाहीत, आणि यापुढे होणाऱ्या चुकाही साधारण त्याच त्या.

पहिलीच मागणी पैशांची करणं

"पैसे कधी देता?" याला ट्रस्टीकडे हजार उत्तरं असतात. ट्रस्ट डीडमध्ये, म्हणजे ट्रस्ट स्थापन करणाऱ्या दस्तात, २१ किंवा २५ वर्षांची अट असेल, तर त्यांचा नकार कायदेशीरही असू शकतो. हिशेबाचं तसं नाही. भारतीय विश्वस्त कायदा, १८८२ च्या कलम १९ नुसार ट्रस्टीने स्वच्छ हिशेब ठेवलाच पाहिजे, आणि लाभार्थीने विचारल्यावर मालमत्ता किती आहे, कुठल्या स्थितीत आहे, याची पूर्ण माहिती दिली पाहिजे. कलम ५७ नुसार डीड, हिशेब आणि त्यामागची व्हाउचर पाहण्याचा, त्यांच्या प्रती घेण्याचा हक्क लाभार्थीला आहे. म्हणून आधी हिशेब मागा. खरा आकडा हातात आला की पैशांचं बोलणं सोपं होतं. बऱ्याचदा हिशेबाचं पत्र मिळाल्यावरच काकांचा फोन येतो.

डीडच हातात नसेल तर ट्रस्टीवर अडून बसू नका. मृत्युपत्राशिवाय जागेचा किंवा फ्लॅटचा ट्रस्ट करायचा तर तो नोंदणीकृत दस्तानेच करावा लागतो. त्यामुळे दुय्यम निबंधक कार्यालयातून सूची क्रमांक दोन (दस्त नोंदणीचा गोषवारा) आणि दस्ताची प्रमाणित प्रत मिळवता येते. डीड वाचल्याशिवाय पत्र लिहायला बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळं फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर उरकणं

काकांना पत्र लिहायचं म्हणजे भांडण काढल्यासारखं वाटतं, हे मान्य. पण निळी टिक आली म्हणून मागणी केल्याची नीट नोंद होत नाही, आणि रात्री अकराला रागाच्या भरात टाकलेला मेसेज पुढे तुमच्याच विरोधात दाखवला जातो. पत्र सभ्य असू द्या, पण गुळमुळीत नको. मजकूर साधारण असा:

"आदरणीय काका, सा. न. वि. वि. अमुक तारखेच्या ट्रस्ट डीडनुसार मी लाभार्थी आहे. ट्रस्ट सुरू झाल्यापासून आजपर्यंतचा जमाखर्च, बँक खात्यांचे उतारे, ठेवींचा व गुंतवणुकीचा तपशील आणि फ्लॅटच्या भाड्याचा हिशेब ३० दिवसांत द्यावा, ही विनंती. कॉलेजची फी अमुक तारखेपर्यंत भरायची आहे. कॉलेजचे फीचे मागणीपत्र जोडले आहे. आपला नम्र."

टोमणे नकोत, "बाबा असते तर" नको. स्पीड पोस्टने पाठवा (रजिस्टर्ड पोस्ट आता त्यातच विलीन झालंय), पोच मिळाल्याचा पुरावा जपा, आणि तेच पत्र ईमेलवरही टाका.

फक्त ओळखीच्या ट्रस्टीला लिहिणं

डीडमध्ये वेगळं काही नसेल, तर सगळ्या ट्रस्टींनी मिळून काम करायचं असतं. एकाने गैरव्यवहार केला आणि दुसरा ते माहीत असून गप्प बसला, तर तोही जबाबदार धरला जातो. म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र पत्र. "मी फक्त सहीपुरता आहे" म्हणणारे सीए अशा पत्रानंतर सहसा हलतात.

भलत्याच दारावर जाणं

कुणीतरी सांगतं, धर्मादाय आयुक्तांकडे जा. ते कार्यालय सार्वजनिक ट्रस्टसाठी आहे. घरच्या खासगी ट्रस्टची तक्रार तिथे चालत नाही. पोलीस ठाण्यात नुसत्या उशिराची तक्रार दिवाणी बाब म्हणून परत येते. पैसे अप्रामाणिकपणे वळवल्याची कागदपत्रं हाती असतील, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ चा (फौजदारी विश्वासघात) विचार वकिलाबरोबर करावा. डीडमध्ये लवादाचं (वाद न्यायालयाबाहेर पंचाकडून सोडवण्याचं) कलम आहे म्हणून त्यात वर्ष घालवू नका: ट्रस्ट डीडवरून ट्रस्टी-लाभार्थींमध्ये उद्भवणारे वाद लवादाकडे जाऊ शकत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा निकाल आहे.

"सही कर, चेक देतो"

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. "मला सर्व रक्कम मिळाली, तक्रार नाही" असा कागद पुढे येतो, रक्कम हिशेबाशिवायची असते आणि फीची तारीख परवा. अठरा पूर्ण झालेल्या लाभार्थीने सगळं माहीत असून, दबावाशिवाय संमती दिली, तर तो पुढे त्याच गोष्टीबद्दल ट्रस्टीला जबाबदार धरू शकत नाही. अडचण असेलच, तर चेक घ्या, पण "अंशतः रक्कम मिळाली, हिशेब बाकी" एवढंच लिहून सही करा.

मूल अजून अज्ञान, म्हणजे अठराच्या आतलं असेल, तर शिक्षणासाठी ट्रस्टच्या उत्पन्नातून खर्च करायची मुभा कलम ४१ देतं. पण तो ट्रस्टीचा विवेकाधिकार आहे. आईने "जरा मदत करा" म्हणण्यापेक्षा फीचा आकडा आणि शेवटची तारीख लिहून द्यावी.

मुदत उलटूनही शांतताच असेल तर

वकिलाची नोटीस, मग न्यायालय. पैसे देण्यात विनाकारण उशीर झाला, तर ट्रस्टीवर व्याजाची जबाबदारी येते. न्यायालयाने वेगळं सांगितलं नाही तर ते सरळव्याजाने वर्षाला ६ टक्के. हा मुद्दा नोटिशीत घालायला सांगा. ट्रस्टी वारले, अंथरुणाला खिळले किंवा सलग सहा महिने परदेशात असतील, तर त्यांच्या उत्तराची वाट बघण्यात अर्थ नाही. नवा ट्रस्टी कोणी नेमायचा हे आधी डीडमध्ये पाहा. तो मार्ग बंद असेल, तर कलम ७४ खाली दावा न लावता नुसत्या अर्जावर न्यायालय नेमणूक करू शकतं. कुठल्या जिल्ह्याच्या न्यायालयात जायचं हेही पाहावं लागतं: ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतं, पण खारघर, कामोठे, पनवेल रायगडमध्ये. फ्लॅट कुठे आहे हे वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया आणि मुलांना तिथे उत्पन्नाच्या अटीशिवाय मोफत वकील मिळतो. अठरा पूर्ण झालेल्या मुलाला मात्र उत्पन्नाचा दाखला लागू शकतो, तो तहसीलमधून आधीच काढून ठेवावा.