जुन्या मातीच्या घराला बाहेरून कुठला रंग द्यावा

बेळगावकडच्या खानापूर, चंदगड साइडला पाऊस म्हणजे काय ते सांगायला नको, आणि तरीही लोक मातीच्या, जांभ्याच्या जुन्या भिंतींना प्लॅस्टिक पेंट मारतात, मग आत मुरलेली ओल बाहेर पडत नाही आणि दोन-तीन वर्षांत पोपडे सुटतात. अशा भिंतीला चुनाच द्या, स्वस्त पडतो आणि भिंत श्वास घेते.

आधीचा ऑइल पेंट, डिस्टेंपर पूर्ण खरवडून काढा, त्यावर चुना धरत नाही. कळीचा चुना (न विझवलेला, खड्यांचा) घ्या, एक किलोला साधारण ५ लिटर पाणी. पाण्यात चुना हळूहळू टाका, चुन्यावर पाणी ओतू नका, उकळून अंगावर उडतो, डोळ्याला चष्मा हवाच. २४ तास ठेवून फडक्यातून गाळा, गरम पाण्यात विरघळवलेला डिंक थोडा घाला. रंग पाहिजे तर गेरू (तांबडी माती) नाहीतर पिवडी (पिवळी माती).

भिंत ओली करून मगच हात मारा, आणि पातळ, अगदी दुधासारखा, जाड मारला की भुकटी होऊन हाताला लागतो. ओला असताना पारदर्शक दिसतो, घाबरू नका, वाळेल तसा पांढरा होतो. तीन हात द्या, दिवाळीच्या आधी, पाऊस थांबल्यावर.

आणि भेगा सिमेंटने बुजवू नका हं, चुना-वाळूनेच बुजवा.