आरपीजी बनवायलात? आधी गोष्टीतली घाई नियमात उतरवा

आरपीजी म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायचा गेम. त्यातली क्वेस्ट (दिलेली कामगिरी), एक्सपी (काम केल्यावर मिळणारे अनुभवाचे गुण), डायलॉग ट्री (उत्तर निवडलं तशी पुढं फुटणारी संवादाची वाट) हे सगळं तुम्हाला माहितीये असं धरून चालतो. गोडो नाहीतर आरपीजी मेकर या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमधे एखादा मॅप पण केला असेल. त्याच्या पुढच्या टप्प्यात लई जण अडकतात, मी पण अडकलो होतो, अन् अजूनही नवा प्रोटोटाइप (गेमचा कच्चा नमुना) घेतला की तिथंच धाकधूक होते, म्हणून तेवढं एकच सविस्तर लिहायलोय.

माझा गेम दुष्काळाचा. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, ते दिवस ज्यांनी काढले त्यांना हा विषय कामून घेतला हे सांगायची गरज नाही. सुरुवातीलाच आई म्हणते, "घरात एकच घागर राहिली बाळा, दिवस मावळायच्या आत पाणी आण." मग खेळ सुरू, गावात फिरलं की कुणाची शेळी हुडकून द्यायची, कुणाचा निरोप पोचवायचा, प्रत्येक कामाला एक्सपी अन् पैसे, आणि दिवस काही मावळत नाही कारण तसा नियमच नव्हता. परभणीच्या मित्राला खेळायला दिला तर तो म्हणाला, "तिकडं माय तहानलेली अन् मी शेळ्या हुडकत फिरायलोय. पैसे तर तूच द्यायलास त्याचे."

सापळा तो हाच. गोष्ट म्हणते पळ, नियम म्हणतात थांब, इथं कमाई आहे. अशा वेळी खेळाडू नियमांचंच ऐकतो, अन् त्यात त्याची काही चूक नाही, कारण गेममधे खरं काय ते त्याला नियमांतूनच कळतं. तुम्ही आईच्या तोंडी कितीही काळीज पिळवटणारं वाक्य घाला, उशीर केल्यानं काहीच बिघडत नाही हे त्याला पाच मिनिटांत कळतं अन् मग पुढची सगळी वाक्यं तो नुसतं बटण दाबून पळवतो. 2007 मधे क्लिंट हॉकिंग या डिझायनरनं बायोशॉक या गेमबद्दल लिहिताना अशा विसंगतीला लुडोनॅरेटिव्ह डिसोनन्स, म्हणजे खेळ अन् गोष्टीचा बेसूर, म्हटलं. नाव पाठ केलं नाही तरी चालेल, रोग ओळखता आला पाहिजे.

मोठ्या गेमवाल्यांनाही हे सुटलेलं नाही. विचर 3 या गेममधे नायकाला लेकीसारखी असलेल्या सिरीला शोधायची एवढी घाई, अन् आपण खानावळीत ग्वेंट हा पत्त्यांचा खेळ खेळत बसतो. तिथं ते खपतं कारण बाजूच्या गोष्टीच इतक्या भारी आहेत. आपल्याकडं तेवढे लेखक नाहीत, त्यामुळं त्यांची नक्कल करू नका. बाल्डर्स गेट 3 मधे उलटं झालं, डोक्यातल्या किड्याची भीती सुरुवातीलाच इतकी घातलेली की बरेच खेळाडू वेळ जाईल या भीतीनं रात्रीचा मुक्काम करायचंच टाळायचे, अन् सोबत्यांचे कितीतरी सीन तर मुक्कामाच्या रात्रीच सुरू होतात, ते हुकायचे.

1997 चा फॉलआउट हा गेम मात्र बघाच. तळघरातल्या लोकांचं पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची चिप बिघडलीये, नवी आणायला 150 दिवस, अन् नकाशावरचा प्रत्येक प्रवास त्यातलेच दिवस खातो. पैसे देऊन तिकडं पाणी पाठवायची सोय केली की मुदत वाढते. म्हणजे पाणी, पैसा अन् वेळ एकाच हिशोबात बसवलेत.

तुमच्या गेममधे मुदत घालायलाच पाहिजे असं नाही. घाई नकोच असेल तर आईचं वाक्य बदला, काही बिघडत नाही. घाई पाहिजे असेल तर प्रत्येक कामाला वेळ खर्च करायला लावा, अन् हुकलं की थेट गेम ओव्हर करू नका. माझ्याकडं आता उशीर झाला की आई शेजारणीकडून तांब्याभर पाणी मागून घेते, अन् तिथून पुढं ती शेजारीण वेगळं बोलते. अपयशातून पण गोष्ट पुढं नेता येते, हे डिस्को एलिझियम हा गेम खेळून शिका, तिथं फासे उलटे पडल्यावरचे प्रसंग कधीकधी जिंकण्यापेक्षा सरस निघतात.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. रेडिमेड फायटिंग सिस्टीम विकत घेऊन आधी बसवू नका. ती बसली की गोष्टीत विनाकारण गुंडं येतात, कारण मारायला कुणीतरी लागतं. अंडरटेल या गेममधे तर मारायचं का सोडून द्यायचं यावरच अख्खी गोष्ट उभी आहे, तिथली लढाई दुसरीकडून उचलून आणताच आली नसती. अन् महागडे कोर्स, तिथं सॉफ्टवेअर शिकवतात, हे नाही शिकवत. मेंटर शोधायचा तर तुमचा गेम खेळताना मधे मधे सल्ले न देणारा शोधा.

घाबरू नका पण. यातलं बहुतेक काम जुन्या लॅपटॉपवर, नाहीतर नुसत्या वहीवर होतं. लाइट गेली तरी वही चालू राहते. ट्वाइन अन् इंक ही फाटे फुटणाऱ्या गोष्टी लिहायची साधनं दोन्ही फुकट आहेत, पहिला महिनाभर ग्राफिक्सला हातच लावला नाही तरी चालतंय.

एक चाचणी मात्र आजच करा. सगळे डायलॉग बंद करून गेम कुणाला तरी खेळायला द्या, शेजारी गप्प बसा, अन् शेवटी विचारा, यात माणसाला काय पाहिजे होतं? "पाणी" म्हणाला तर डायलॉग परत चालू करा. "पैसे" म्हणाला तर डायलॉगला हात लावू नका, बक्षिसांचा तक्ता उघडा अन् सगळ्यात जास्त एक्सपी कशाला दिलीये ते आधी बघा.