या चुका टाळा: गरज बदलली की सॉफ्टवेअर का अडतं?

लातूरच्या मोंढ्यातल्या एका आडत दुकानाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर मी लिहिलं आणि आजही सांभाळतो. "एवढंच लागतंय, बाकी काही बदलत नसतंय," असं मालक सुरुवातीला म्हणाले होते. ते मनापासून बोलत होते, पण सरकारचे नियम आणि हंगाम त्यांच्या हातात थोडेच होते? मी मात्र त्यांचा शब्द जसाच्या तसा कोडमध्ये पक्का करून टाकला.

नाव म्हणजेच ओळख असं मानू नका

मराठवाड्याचे जिल्हे आठ. ती यादी मी लागेल त्या फाईलमध्ये पुन्हापुन्हा लिहिली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद शहरांची नावं बदलली, सप्टेंबरमध्ये जिल्ह्यांची. मी यादीत नवी नावं वाढवली आणि अहवालात आठाचे दहा जिल्हे झाले. एकाच जिल्ह्याची निम्मी आवक उस्मानाबादखाली, निम्मी धाराशिवखाली! जिल्ह्याला न बदलणारा क्रमांक द्या, नाव वेगळ्या तक्त्यात ठेवा आणि त्यापुढे 'कधीपासून' ही तारीख लिहा. मग २०२१ ची पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाची हिशेबाची पावती, आज छापली तरी तेव्हाचंच नाव येतं.

हाताची सवय मोडू नका

ही चूक मला सगळ्यात जास्त लागली. मुनीमजी पट्टी भरतात तेव्हा उजवा हात आकड्यांच्या बटणांवर आणि नजर काट्याच्या चिठ्ठीवर असते. कट्टे, एंटर, वजन, एंटर, भाव, एंटर. ओलाव्यावर भाव ठरतो म्हणून मालकांनी ओलाव्याचा रकाना मागितला, आणि मी तो वजन व भाव यांच्या मधोमध घातला. कागदावर तीच जागा बरोबर वाटत होती. दुसऱ्या दिवशी सोयाबीनचा ४३५० हा भाव ओलाव्यात जाऊन बसला. शेतकरी समोर ताटकळत उभा, आणि मुनीमजी मला म्हणाले, "भाऊ, स्क्रीनकडं बघून कोण भरायलंय? बोटं आपसूक चालतेत."

रकाना शेवटी नेला, रिकामा सोडला तरी चालेल असा केला, आणि १०० च्या वरचा आकडा तो घेणारच नाही अशी सोय केली. तपासणी आधीच असती तर ती चूक तिथल्या तिथे अडली असती. नवा रकाना टाकण्याआधी भरणाऱ्याशेजारी तासभर बसा. मी बसलो नव्हतो.

नियमाचा आकडा कोडमध्ये गाडू नका

पुढे त्यांना माल हमीभाव केंद्रावर चालेल का, याची खूण हवी झाली. सोयाबीनसाठी ओलाव्याची मर्यादा १२ टक्के, म्हणून मी अटीत सरळ १२ लिहिलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने त्या हंगामापुरती १५ टक्क्यांपर्यंत सूट दिली. आता मर्यादा 'पासून' आणि 'पर्यंत' अशा तारखांसह तक्त्यात आहे.

याचा अर्थ सगळंच सेटिंगमध्ये टाका असा नाही. तसं केलेली सॉफ्टवेअरं मी पाहिली आहेत, मालकाला त्यात पट्टीच सापडत नाही. बदलण्याची शक्यता असलेला निर्णय एकाच भागात झाकून ठेवा, हे संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्येच मांडलं होतं. आपल्याकडे ते झालंय का, हे ओळखायला सोपं आहे: एक छोटी मागणी आली की किती फाईली उघडाव्या लागतात ते मोजा. माझ्या ओलाव्याच्या मर्यादेसाठी सहा उघडाव्या लागल्या.

जुना रकाना एका झटक्यात काढू नका

सर्व्हर, म्हणजे अॅपला माहिती पुरवणारा संगणक, आपण बदलतो; फोनमधलं भाव दाखवणारं अॅप मात्र लोक सवडीने अपडेट करतात. सर्व्हरच्या उत्तरातल्या एका रकान्याचं नाव मी बदललं आणि ज्यांच्या फोनवर जुनं अॅप होतं, त्यांना भावच दिसेना. आता मी नवा रकाना जोडतो, जुनाही चालू ठेवतो आणि जुनं अॅप कोण वापरतंय याची सर्व्हरवर नोंद घेतो. महिनाभर एकही नोंद आली नाही की मगच जुना रकाना काढतो.