सशाला जंताचं औषध पाजलं, तरी हगवण थांबेना? या चुका टाळा

श्रावणात इंदूरला झड लागली की रामबागेतल्या आमच्या घरात गोणपाट आठ-आठ दिवस वाळत नाही. अशाच ओलीत सशाची दीड महिन्याची पिल्लं मलूल झाली. पोटं फुगलेली, शेपटीखाली सगळं लडबडलेलं. मी कपाटातलं जंताचं औषध पाजून मोकळी झाले.

शेजारचा मुलगा महूला पशुवैद्यकी शिकतो. तो म्हणाला, "काकू, हे जंत नसणार, कॉक्सिडिया असेल." हा आतड्याच्या पेशींत शिरणारा एकपेशीय जीव. जंताच्या औषधाला तो दाद देत नाही. त्यावर सल्फा गटातलं औषध किंवा टोल्ट्राझुरिल देतात, तेही डॉक्टरांनी वजन पाहून ठरवलेलं. लेंडीत पांढऱ्या दोऱ्यासारखं काही वळवळलं तर ते मात्र खरे जंत, आणि त्यांचा सशाला सहसा फारसा त्रास नसतो. तेव्हा आधी ताज्या लेंड्या डबीत घालून तपासायला न्या.

माझी मोठी चूक फिनाईलची. पिंजरा रोज पुसत होते, पण पाण्याच्या भांड्याखालचं गोणपाट उचललं तर खाली काळपट, चिकट थर! कॉक्सिडियाच्या अंड्यांचं कवच फिनाईलला भीक घालत नाही. मात्र ताज्या लेंडीतली अंडी लगेच बाधत नाहीत. ओल आणि हवा मिळाली की एक ते चार दिवसांत ती पिकतात. म्हणून लेंड्या रोजच्या रोज काढायच्या, रिकाम्या पिंजऱ्यावर उकळतं पाणी ओतायचं आणि तो खडखडीत वाळवायचा.

सासूबाईंनी दहीभात कालवला होता. इंदूरचं घर, वर शेव भुरभुरली नाही हेच नशीब! सशाला भात नको आणि लंघनही नको. सुकं गवत आणि पाणी सतत समोर हवं. बारा तास तोंड हलवलं नाही तर थेट दवाखाना गाठा. घरातलं उरलेलं अमॉक्सिसिलिनसारखं अँटिबायोटिक तर चुकूनही पाजू नका. पोटातले उपयोगी जिवाणू मरून ससा दगावू शकतो.

द्राक्षाच्या घोसासारख्या मऊ, चकचकीत लेंड्या ससा स्वतःच खातो. ती हगवण नव्हे, त्याला खाऊ द्या.

आणि पिल्लांची धडधाकट दिसणारी आईसुद्धा लेंड्यांतून कॉक्सिडियाची अंडी टाकत असते. म्हणून आता आमच्याकडे चारा जमिनीवर पडत नाही, जाळीत टांगलेला असतो.